हिरडा, पाया आणि कोलॅजेनची भुकटी

कोलॅजेन हे प्राण्यांच्या कातडीत, हाडांत, कूर्चेत आणि कंडरांत असणारे प्रथिन. सस्तन प्राण्याच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे एकतृतीयांश प्रथिन हेच असते. वनस्पतींत ते नसते. आंदर मावळात कोलॅजेन हे नाव औषधाच्या दुकानातून अलीकडे आले. पदार्थाचा व्यवहार मात्र तिथे पिढ्यान् पिढ्या चालत होता. त्यात कातडे कमावणे, वाद्ये मढवणे, लाकूड चिकटवणे आणि रस्सा शिजवणे एवढे सगळे येत होते.

आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचे खोरे. टाकवे बुद्रुक, वडेश्वर, खांडी, कुसूर ही त्यातली गावे, आणि कुसूरपाशी कोकणात उतरणारा जुना घाट. खोऱ्यातले पाणी ठोकळवाडीच्या धरणात अडवून टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीने १९२२मध्ये घाटाखाली भिवपुरीला वीज निर्माण केली आणि बरीच भातजमीन पाण्याखाली गेली. उरलेली शेती भाताचीच राहिली. भाताच्या चिखलणीला बैल लागत, आणि जिथे बैल तिथे कधी ना कधी कातडेही.

मेलेल्या जनावराची व्यवस्था गावगाड्यात ठरलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५च्या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांची आणि हक्कांची जी नोंद आहे, तिच्यात हा व्यवहारही येतो. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोर जातीकडे, वहाणा, मोटा आणि पखाली शिवण्याचे चांभारांकडे. गावाला मोट हवी होती, वहाण हवी होती, पण ते कातडे हाताळणारा माणूस शिवायला नको होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, ते याच व्यवस्थेवर बोट ठेवून. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. कोलॅजेनच्या इतिहासात ही बाजू सहसा सांगितली जात नाही. जाहिरातीत तर नाहीच नाही.

कमावण्याची क्रिया रसायनाच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढत. मग ते बाभळीची साल किंवा हिरडा यांच्या अर्कात दिवसच्या दिवस मुरवत. या द्रव्यांमधले टॅनिन कोलॅजेनच्या तंतूंना घट्ट धरून बसते. त्यामुळे सूक्ष्मजीवांना ते तंतू पचवता येत नाहीत आणि कातडे कुजत नाही. म्हणजे कमावलेले कातडे हे मुळात टॅनिनने बांधलेले कोलॅजेनच. हिरड्याची झाडे पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर, भीमाशंकरच्या रांगेत मुबलक आहेत आणि फळे गोळा करण्याचे काम मुख्यतः महादेव कोळी कुटुंबांचे. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८मध्ये आणि बोरघाटातला १८६३मध्ये सुरू झाल्यावर घाटमाथ्यावरचा माल मुंबई बंदराच्या आवाक्यात आला. युरोपातल्या चर्मोद्योगात भारतीय हिरड्याला मोठी मागणी होती. तिथल्या बाजारात त्याच्या प्रतींना जबलपूर, वेंगुर्ला अशी गावांचीच नावे पडली होती. मुंबईत कातडे कमावण्याचे केंद्र धारावीत उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळनाडूतून आलेल्या मुस्लिम कारागिरांनी तिथे धंदा वाढवला.

हलगीचे आणि ढोलाचे कातडे टॅनिनने कमावलेले नसते. ते कच्चेच ताणून वाळवतात. म्हणून पावसाळी हवेत ते ओल धरून सैल पडते आणि वाजवणाऱ्याला हलगी जाळावर धरून तापवावी लागते. कातड्याच्या कातरणी पाण्यात बराच वेळ उकळल्या की सरस मिळतो. कोलॅजेन उष्णतेने उलगडून पाण्यात उतरले की त्याचे जिलेटिन होते. ते गरम असताना पातळ असते आणि निवले की गोठते. सुताराचा सरसाचा डबा म्हणूनच नेहमी चुलीवर असे.

स्वयंपाकघरातही हीच क्रिया होते. जत्रेच्या बकऱ्याचे पाय विस्तवावर भाजून, खरवडून, मंद आचेवर तासन् तास शिजवले की रस्सा बोटांना चिकटतो आणि रात्रभर ठेवला तर त्याची थरथरती वडी होते. हाड मोडलेल्याला आणि अशक्त माणसाला पायाचा रस्सा देण्याची चाल महाराष्ट्रात मांसाहारी घरांत सर्वत्र आहे. त्यामागचा तर्क सरळ आहे: हाडाला हाडाचे. मावळात याच्या शेजारी आणखी एक चाल आहे, पावसाळ्यात भातखाचरांतले मुठे आणि खेकडे वाटून, गाळून त्याचे कढण पिण्याची. मात्र खेकड्याचे कवच कायटिनचे असते; ते प्रथिनही नव्हे. बाळंतिणीच्या लाडवातला डिंकही कोलॅजेन नव्हे. तो झाडाचा, कर्बोदकांचा. हाताला सरसासारखा चिकटतो, पण रसायनाने दोघे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत.

पायाचा रस्सा रात्रभर शिजवण्याची गरज आज उरलेली नाही, कारण घरोघरी प्रेशर कुकर आहे. गंमत अशी, की हे भांडे जन्माला आले तेच हाडांसाठी. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये १६८१ साली हाडे मऊ करणाऱ्या वाफेच्या भांड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गरिबांना फुकटच्या हाडांतून पोषण द्यावे ही कल्पना पुढे फ्रान्समध्ये जोरात चालली आणि पॅरिसच्या रुग्णालयांत हाडांच्या जिलेटिनचे सूप वाढले जाऊ लागले. रुग्णांनी तक्रारी केल्या. शेवटी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने फ्रान्स्वा माजाँदी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि १८४१च्या अहवालात निष्कर्ष निघाला, की केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण नंतर कळले. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल १९०१मध्ये सापडले आणि कोलॅजेनमध्ये ते जवळजवळ नसतेच. मूठभर डाळीत ते असते.

कोलॅजेनची रचना उलगडण्याचे श्रेय भारताकडे येते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४मध्ये दाखवले, की त्याच्या तीन साखळ्या तिपेडी वेणीसारख्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असल्यामुळेच त्या इतक्या जवळ बसतात. ही वेणी टिकण्यासाठी शरीराला क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर हिरड्या सुजतात, रक्त येते, जखमा भरत नाहीत. त्या रोगाचे नाव स्कर्व्ही. मावळातल्या डोंगरातला आवळा या कामी उपयोगी पडतो, मग भुकटी घेतली जावो वा न जावो.

स्वातंत्र्यानंतर हाडांचा धंदा कारखान्यात गेला. हाडे भरडून, चरबी काढून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मुरवली की त्यांतले खनिज विरघळते आणि मऊ ओसीन उरते. बाहेर पडलेल्या फॉस्फेटचा डायकॅल्शियम फॉस्फेट होतो. तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो. ओसीनपासून जिलेटिन आणि त्यापासून कॅप्सूलची कवचे. केरळात १९७५मध्ये जपानी भागीदारीत सुरू झालेल्या कंपनीची, आजच्या निट्टा जिलेटिनची, उपकंपनी चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ बामणी येथे ओसीन तयार करते. मुंबईत असोसिएटेड कॅप्सूल्सने १९६०च्या दशकात कवचांचे उत्पादन सुरू केले. जिलेटिनच्या साखळ्या विकरांनी आणखी बारीक तोडल्या की ते गोठण्याचा गुण गमावून थंड पाण्यातही विरघळते. डब्यातून मिळणारी ‘कोलॅजेन पेप्टाइड’ची भुकटी ती हीच. तिचा उगम गाय-म्हशीचे हाड वा कातडे, डुकराचे कातडे, किंवा माशाचे खवले आणि कातडी यांत असतो.

खोऱ्यात जनावर कोणाचे, ते कसे मेले आणि कातडे कोणाच्या हाती गेले, हे सर्वांना ठाऊक असे. डब्यावर मात्र तेच सर्वांत कमी दिसते. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न उगमाचा. माळकऱ्यांना, जैनांना, गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्यांना तो धर्माचा वाटेल. माशाची ॲलर्जी असलेल्याला तो जिवाचा आहे. भारतात अशा वस्तू अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. त्यांचे वेगळे नियम २०१६मध्ये झाले. त्यांनुसार डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द, ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना आणि परवान्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. २०२०च्या लेबल नियमांनी मांसाहाराची खूण तपकिरी वर्तुळाऐवजी तपकिरी त्रिकोण केली. हिरव्या खुणेचे ‘शाकाहारी कोलॅजेन’ विकले जाते, त्यात बहुधा क जीवनसत्त्व, अमिनो आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात. त्यात कोलॅजेन नसते.

फायद्याचे दावे जपून वाचावेत. पोटात गेलेले कोलॅजेन पचून त्याची अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडे होतात. ती थेट गुडघ्यात किंवा गालावर जाऊन बसत नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११मध्ये सांध्यांविषयीचा दावा पुराव्याअभावी नाकारला. त्वचेवरच्या काही चाचण्यांत ओलावा आणि लवचिकता थोडी सुधारलेली दिसते. पण २०२५मध्ये २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा, ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत हा फायदा दिसला नाही. एवढे कळल्यावरही कोणी घेऊन पाहायचे ठरवले, तर चाचण्यांत साधारण २.५ ते १५ ग्रॅम रोज अशी मात्रा वापरलेली असते, हे माहीत असावे. त्याहून जास्त घेण्याला आधार नाही.

धोका कोलॅजेनच्या विषारीपणाचा नाही, वापराच्या पद्धतीचा आहे. अमेरिकेत १९७६नंतर वजन उतरवण्यासाठी केवळ द्रव प्रथिनावर राहण्याची लाट आली. ते प्रथिन बहुतांशी जनावरांच्या कातड्या-कंडरांपासून काढलेले कोलॅजेनच होते. १९७७-७८च्या सुमारास असा आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० जणांचे मृत्यू नोंदले गेले, अनेकांचे हृदयाची लय बिघडून. माजाँदींच्या समितीने त्याआधी सुमारे एकशे पस्तीस वर्षांपूर्वी सांगितलेले कोणी वाचले नव्हते. जेवणाऐवजी ही भुकटी घेणे म्हणूनच सर्वांत वाईट.

मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनाचा कोणताही जादा डोस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी पुरेसे अभ्यास नाहीत. मधुमेहींनी चवीच्या भुकटीतली साखर तपासावी. त्वचा-केसांच्या मिश्रणांत बायोटिन भरपूर घातलेले असते, आणि त्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये याचा इशारा दिला. तपासणीसाठी रक्त द्यायला जाणाऱ्याने आपण काय घेतो, हे प्रयोगशाळेत आधी सांगावे.