कृषिपंपाचा दूरस्थ आरंभ : बारामती आणि इंदापूर

यंत्र सुरू करावयाचे तर माणूस यंत्रापाशी उभा पाहिजे, हा निर्बंध कसा शिथिल होत गेला याचा इतिहास बहुधा मोटारगाडीच्या निमित्ताने सांगितला जातो. चार्ल्स केटरिंग याचा विद्युत्-आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला व हँडल फिरविण्याचे श्रम आणि धोका टळला. पुढे किल्लीच्या तारांना जादा जोडणी करून गाडी घरात बसून सुरू करण्याची सोयही निघाली. पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत हीच वाटचाल पाण्याच्या पंपावर घडलेली दिसते. मात्र तिच्या मुळाशी सुखसोय नाही. पाणी, वीज आणि शेत ही तिन्ही एकमेकांपासून दुरावली, हे तिचे कारण होय.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या तालुक्यांत उताराने येत असे. त्यास यंत्राची गरज नव्हती. पाळी आली की माणूस बांधावर हजर असे. विहिरीवरील मोट तर बैल व माणूस यांच्यावाचून हलतच नसे. तेलाचे इंजिन आले तेव्हाही हँडल मारणारा हात लागेच. विजेच्या मोटारीने श्रम हरले, परंतु उपस्थिती हरली नाही. स्टार्टरच्या पेटीतील हिरवे बटण दाबले असता कॉइलला प्रवाह मिळून संपर्क जुळतात व मोटार चालते. वीज गेली की कॉइल संपर्क सोडते, आणि वीज परतली तरी बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटार सुरू होत नाही. ही उणीव नसून हेतुपुरस्सर केलेली सुरक्षा-योजना होती. पंपापाशी कोणी जाणता मनुष्य आहे, हे तिचे गृहीतक होते.

हे गृहीतक प्रथम इंदापुरात डळमळले. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाल्यावर भीमेच्या फुगवट्यालगत पंप बसले आणि लांब जलवाहिन्यांनी पाणी वरच्या शेतांत गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरे तसतशी मोटार, केबल व पाइप पुढे न्यावे लागत. घर, शेत व पंप यांत अशा रीतीने अंतर पडले. त्यातच शेतीचा थ्री-फेज पुरवठा पाळीने व पुष्कळदा रात्री मिळू लागला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या भारनियमनाने हा त्रास वाढविला. 'लाइट' केव्हा येईल याची वाट पाहत अंधारातून, सापाविंचवांच्या वाटेने पंपापर्यंत जाणे, हा शेतकऱ्याचा नित्यक्रम झाला.

यावर पहिला उपाय 'ऑटो स्विच'चा. हिरव्या बटणाच्या दोन टोकांना समांतर जोडलेले हे उपकरण वीज येताच काही क्षणांनी बटणाचे काम आपोआप करी. दुसरा उपाय भ्रमणध्वनीचा. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या उपकरणास २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. वीज आहे की नाही हे कळणे आणि मोटार चालू वा बंद करणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे दुरून साधल्या. अशा जोडणीत चालू करण्याचा संपर्क हिरव्या बटणास समांतर, तर बंद करण्याचा तांबड्या बटणाच्या मालिकेत असतो.

दोन्ही उपायांतील भेद मूलगामी आहे. ऑटो स्विचने माणसाचा निर्णयच काढून घेतला. भ्रमणध्वनीने तो निर्णय अंतरावरून परत दिला. पहिल्याची किंमत सामुदायिक ठरली. वीज परतताच एका रोहित्रावरील अनेक मोटारी एकदम सुरू होत. प्रत्येकीचा आरंभीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असल्यामुळे रोहित्रावर भार पडे व ते जळे. म्हणून ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत, अशी आवाहने महावितरणने वेळोवेळी केली. परंतु जो शेतकरी स्विच काढी त्याचे पीक कोरडे राही, आणि जो ठेवी त्याच्या रोहित्राला धोका संभवे. वैयक्तिक शहाणपण व सामुदायिक हित यांचा हा विरोध केवळ उपदेशाने मिटण्याजोगा नव्हता. दुरून बटण दाबणाऱ्यासही एक फेज गेलेल्या मोटारीची घरघर ऐकू येत नाही, आणि विहिरीत दुरुस्तीस उतरलेला माणूस दिसत नाही. तेव्हा संरक्षक साधने व मुख्य स्विच बंद करूनच काम करण्याची शिस्त यांची निकड दूरस्थ आरंभाने कमी न होता वाढली.

२०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. तो जेथे साधेल तेथे रात्रीची पायपीट थांबेल. अंतर मात्र उरेल. या दृष्टीने पाहता स्टार्टरला जोडलेल्या त्या दोन तारा म्हणजे निव्वळ यांत्रिक सुधारणा नव्हेत. पाण्याच्या आणि विजेच्या वाटपाने शेतकऱ्यावर टाकलेल्या भाराची ती त्याने स्वखर्चाने केलेली दुरुस्ती होय.