पोस्टकन्स्ट्रक्ट

पोस्टकन्स्ट्रक्ट : प्रोग्रॅममधील एखादा ऑब्जेक्ट निर्माण झाल्यावर आणि त्याला लागणारी सर्व साधने बाहेरून पुरवली गेल्यावर, प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी एकदाच चालणारी तयारीची मेथड. जावा भाषेत अशा मेथडवर ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ हे अ‍ॅनोटेशन लावतात. ती केव्हा चालवायची हे कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्टांची जुळणी करणारी यंत्रणा, ठरवतो.

ही तयारी का लागते, हे पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीवरून समजते. छत्तीसगडमधील नंदिनी नगरच्या खाणीतली चुनखडी भिलाई पोलाद कारखान्याला जाते. या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. झोतभट्टी बांधून झाली म्हणून लगेच पेटवत नाहीत. खनिज, कोक, चुनखडी आणि तप्त हवा पोचवणाऱ्या यंत्रणा तिला जोडाव्या लागतात. आतले अग्निविटांचे अस्तर गरम हवेने सावकाश सुकवावे लागते, कारण ओल राहिली तर वाफेने अस्तराला तडे जातात. ऑब्जेक्टच्या बाबतीतही बांधणी, जोडणी आणि तयारी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पोस्टकन्स्ट्रक्ट ही त्यांतली तिसरी.

समजा, अशा खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक डंपरचे वजन आणि मालाची प्रत नोंदवणारा ‘वजननोंद’ हा क्लास लिहायचा आहे. त्याला डेटाबेसची जोडणी लागते. चुनखडीत सिलिका किती चालेल, याच्या मर्यादांचा तक्ता सुरुवातीलाच वाचून मेमरीत ठेवायचा आहे. डेटाबेसची जोडणी क्लासने स्वतः न बनवता कंटेनरकडून घेणे, याला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. ही जोडणी फील्डमध्ये भरली जाणार असेल आणि तक्ता वाचण्याचा कोड कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिला, तर प्रोग्रॅम ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ देऊन कोसळतो. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा ते फील्ड रिकामे असते; कंटेनर ते नंतर भरतो. तोच कोड ‘तक्ता वाचा’ अशा वेगळ्या मेथडमध्ये नेऊन तिच्यावर अ‍ॅनोटेशन लावले की अडचण सुटते.

साधने कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधूनच आली, तर ती तिथेच हाताशी असतात. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा कलही याच पद्धतीकडे आहे. तरीही फाइल वाचणे, कॅश भरणे, दूरच्या सर्व्हरशी बोलणे अशी जड कामे कन्स्ट्रक्टरबाहेर ठेवण्यात फायदा असतो : चाचणी लिहिताना खोटी साधने देऊन ऑब्जेक्ट चटकन बनवता येतो आणि तयारीची मेथड हवी तेव्हा कॉल करता येते.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकातल्या कोडमधून स्प्रिंग फ्रेमवर्क आकाराला आले, त्याची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये निघाली. ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे रुळले. जेएसआर-२५० या मानकाने २००६ मध्ये ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ला नियम घालून दिले आणि ते जावा ईई ५ मध्ये दाखल झाले.

नियम थोडे पण काटेकोर आहेत. सर्वसाधारण क्लासमध्ये अशी मेथड एकच असावी, तिला पॅरामीटर नसावेत, तिने काही परत देऊ नये, चेक्ड एक्सेप्शन टाकू नये. ती प्रायव्हेट असली तरी चालते. तयारीत बिघाड झाला, तर तो ऑब्जेक्ट वापरात आणायचा नाही, ही सर्वांत मोलाची अट. त्यामुळे स्प्रिंगमध्ये तक्ता वाचता आला नाही, की सहसा सबंध अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच थांबते. अर्धवट तयार ‘वजननोंद’ कुणाच्या हाती पडत नाही.

स्प्रिंगमध्ये तयारीच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही वापरल्या तर क्रम ठरलेला असतो : आधी ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’, मग ‘आफ्टरप्रॉपर्टीजसेट’ आणि शेवटी कॉन्फिगरेशनमध्ये नाव दिलेली ‘इनिट’ मेथड.

इथे एक खाचखळगा अनुभवी प्रोग्रॅमरलाही चकवतो. ‘@ट्रान्झॅक्शनल’सारख्या सोयी स्प्रिंग प्रॉक्सीमार्फत पुरवते आणि ही प्रॉक्सी सर्वसाधारणपणे तयारी आटोपल्यावर ऑब्जेक्टभोवती चढवली जाते. म्हणून तयारीच्या मेथडवर ‘@ट्रान्झॅक्शनल’ लिहिले, तरी व्यवहार सुरू होत नाही. असे काम स्प्रिंग बूटमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशनरेडीइव्हेंट’ येईपर्यंत थांबवून करतात. तोवर सर्व ऑब्जेक्ट जुळलेले असतात.

इतरत्र हीच गरज निरनिराळ्या तऱ्हांनी भागवली जाते. अँग्युलरमध्ये ‘एनजीऑनइनिट’ आहे, तर नेस्टजेएसमध्ये ‘ऑनमॉड्यूलइनिट’. गूगलच्या ग्यूस कंटेनरमध्ये ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ची सोय मुळात नाही. डॉटनेटच्या अंगभूत कंटेनरमध्येही अशी मेथड नसल्याने सुरुवातीची कामे बहुधा ‘आयहोस्टेडसर्व्हिस’कडे सोपवतात.

जावातील या अ‍ॅनोटेशनचा पत्ताही बदलला आहे. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते वगळले गेले, त्यामुळे त्याची लायब्ररी वेगळी जोडावी लागते. जकार्ता ईई ९ पासून त्याचे पॅकेज ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाले. स्प्रिंग ५ मात्र जुनेच नाव ओळखते. त्या आवृत्तीत चुकून नव्या पॅकेजमधले अ‍ॅनोटेशन वापरले, तर कंपाइलर तक्रार करत नाही, अ‍ॅप्लिकेशनही सुरू होते. फक्त मेथड चालत नाही. सिलिकेचा तक्ता रिकामाच राहतो आणि चूक उघडी पडते ती पहिला डंपर वजनकाट्यावर उभा राहिल्यावर.