साखळीचे शेवटचे कडे

'पुरवठा साखळी', 'जोखीम', 'लवचिकता' हे शब्द व्यवस्थापनशास्त्राने अलीकडे रूढ केले असले, तरी त्यांमागची चिंता जुनी आहे. तिचा एक बोलका अध्याय मँचेस्टरच्या गिरण्या आणि आपल्याकडील कापूस यांच्या संबंधांत सापडतो.

१८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमांतून येत असे. एकाच मुलखावर विसंबणे धोक्याचे, हे गिरणीमालकांनी आधीच ओळखले होते. म्हणूनच १८५७ मध्ये मँचेस्टरला 'कॉटन सप्लाय असोसिएशन' स्थापन झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि भीती खरी ठरली. मालकांनी योजलेले उपाय आजच्या पाठ्यपुस्तकातले वाटावेत असे आहेत. आधीचा साठा पुरवून वापरणे, कामाचे तास घटवणे, इजिप्त, ब्राझील व हिंदुस्थानातून माल आणणे आणि 'सुरती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आखूड धाग्याच्या हिंदी कापसासाठी यंत्रांत फेरफार करणे. या काळात लँकेशायरचे लाखो मजूर उपासमारीच्या उंबरठ्यावर आले. उद्योग मात्र तगला.

इकडे कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईकडे धावू लागला, शहरात पैशाचा पूर आला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनेने शरणागती पत्करली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस कित्येक पेढ्यांना बुडवून गेला; पुढे बँक ऑफ बॉम्बेही दिवाळखोरीत निघाली.

मुंबईचे हे दिवाळे पुष्कळांनी वर्णिले आहे. खेड्यातले दिवाळे मात्र संथ होते. तेजीत सावकाराने सढळ हाताने पत दिली. मंदीत ती आखडली, वर सरकारी सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंग्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या कर्जबाजारी काळाच्या पार्श्वभूमीवरच वाचावा लागतो.

येथे एक प्रश्न उरतो. गिरणीमालकाची लवचिकता म्हणजे पुरवठादार बदलण्याची मुभा. ही मुभा शेतकऱ्याला कोठे होती? त्याला ना जमीन बदलता येत होती, ना गिऱ्हाईक. म्हणजे जोखीम नाहीशी झाली नाही. ती साखळीच्या शेवटच्या कड्याकडे सरकली.

नगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, नांदूरघाट-केजच्या परिसरात, आजही कापूस पिकतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने कापसाची खरेदी थांबली, तेव्हा मराठवाड्यातील कित्येक घरांत कापूस पडून राहिला. गोदाम, पत आणि थांबण्याची ताकद ज्याच्याकडे असते, त्यालाच साखळी तुटल्यावर सावरता येते. पुरवठा साखळीचा इतिहास लिहिताना म्हणूनच आधी विचारावे लागते: सावरले कोण, आणि कोणाच्या जिवावर?