खेळ ‘मुलग्यांचे’ केव्हा झाले?

१/ व्हिडिओ गेम हा मुळात मुलग्यांचा छंद आणि संगणक हे पुरुषांचे क्षेत्र, असे आपण निसर्गनियमासारखे गृहीत धरतो. गेमच्या बाबतीत तरी या समजुतीचे वय जेमतेम चाळीस वर्षे आहे. अमेरिकेत ती कशी रुजली, हे सांगणारा हा थ्रेड.

२/ १९८२ साली ॲक्टिव्हिजन कंपनीचा ‘रिव्हर रेड’ गाजला. त्याची रचना आणि प्रोग्रामिंग कॅरॉल शॉ यांचे. अटारीच्या यंत्राची स्मृती अवघी १२८ बाइट, कार्ट्रिज ४ किलोबाइटचे. लांबलचक नदीचा नकाशा त्यात मावणे अशक्य. शॉ यांनी एक गणिती सूत्र योजले. खेळाडू पुढे सरके तशी नदी त्यातून घडत जाई.

३/ शॉ एकट्या नव्हत्या. १९८० मध्ये रॉबर्टा विल्यम्स यांनी ‘मिस्टरी हाउस’ रचून, तोवर केवळ शब्दांवर चालणाऱ्या साहसखेळांत चित्रे आणली. त्याच वर्षी जपानमध्ये तोरू इवातानी यांनी ‘पॅकमॅन’ घडवला. गेमच्या दालनांत स्त्रियांनीही यावे, हा त्यांचा हेतू. म्हणून गोळीबाराऐवजी त्यांनी खाण्याची कल्पना निवडली.

४/ १९८३ मध्ये अमेरिकेतील गेमचा बाजार कोसळला. सुमार खेळांच्या पुराने पोळलेले दुकानदार नवा माल ठेवीनात. १९८५ मध्ये निन्टेंडोने आपले यंत्र तेथे आणले ते सोबत छोटा यंत्रमानव देऊन, खेळणे म्हणून.

५/ खेळण्यांच्या दुकानात मात्र मुलग्यांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा. गेम मुलग्यांच्या विभागात गेले. मग जाहिराती त्यांनाच उद्देशून होऊ लागल्या, ग्राहकही बहुतांशी तेच आले, आणि ग्राहक तेच म्हणून खेळही त्यांच्याच आवडीचे बनू लागले.

६/ १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मधील चिलखतधारी योद्धा सामुस ही स्त्री असल्याचे अखेरीस उघड होते. इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख पुल्लिंगी होता. खेळ जितका लवकर संपवावा, तितके तिच्या अंगावर कपडे कमी. बक्षीस कोणासाठी होते, हे सांगावयास नको.

७/ घरगुती संगणकाचेही तसेच झाले. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. पाव शतकानंतर त्या सुमारे १८ टक्के उरल्या. वैद्यक आणि कायद्याच्या शिक्षणात मात्र याच काळात त्यांचा वाटा वाढत होता.

८/ कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी बोलून कारणे शोधली. घरचा संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे. महाविद्यालयात पोहोचेपर्यंत तो सरावलेला, मुलगी नवखी. तिच्या सरावाची ही उणीव बुद्धीची उणीव मानली जाई, आणि तिलाही ते पटू लागे.

९/ विद्यापीठाने प्रवेशासाठी पूर्वानुभवाला झुकते माप देणे थांबवले आणि नवशिक्यांना सामावणारे वर्ग आखले. संगणकशास्त्राच्या नव्या प्रवेशांत मुली १९९५ मध्ये ७ टक्के होत्या. २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींची आवड आणि बुद्धी एवढी पालटत नसते.

१०/ ‘मुलींना यात रसच नसतो’, असे कोणी म्हणाले तर एवढेच विचारावे: केव्हापासून?