रोमच्या इस्पितळाची खिडकी

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या आणि तेजाबाने त्या पत्र्यात उतरवायच्या. ही एचिंगची रीत. ज्युसेप्पे वासी याने याच रीतीने १७४७ ते १७६१ दरम्यान रोमच्या वास्तूंची दहा पुस्तकं काढली. १७५९च्या नवव्या पुस्तकात विद्यालयं, इस्पितळं आणि धर्मादाय संस्था आहेत. सान्तो स्पिरितो हे त्यातलंच एक इस्पितळ.

वासीच्या चित्रांत इमारती भव्य आणि माणसं मुंगीएवढी. अशी चित्रं बांधणाऱ्याची शान सांगतात. हे इस्पितळ पोप तिसरा इनोसंट याने ११९८ साली सुरू केलं. १४७०च्या दशकात चौथ्या सिक्स्टसने ते नव्याने बांधलं. दालन सुमारे १२० मीटर लांब. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली वेदी, म्हणजे रुग्णांना खाटेवरूनच प्रार्थना दिसावी.

पण या वास्तूचा अर्थ मला मनोऱ्यात नाही, भिंतीतल्या एका छोट्या खिडकीत सापडतो. तिच्यात फिरतं लाकडी पिंप होतं. बाईने बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं आणि निघून जायचं. आतली दाई बाळ उचलून घेई. नाव कोणी विचारत नसे. दालनातल्या भित्तिचित्रांत त्यामागची दंतकथा आहे: तायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात मेलेली अर्भकं आली आणि पोप हादरला.

आपल्या फिकहमध्ये अशा बाळाला ‘लकीत’ म्हणतात. त्याचा जीव धोक्यात असेल तर उचलणं फर्ज, आणि खर्च बैतुल-मालचा. ज्यांचे वडील ठाऊक नाहीत ते दीनमधले तुमचे भाऊ, असं सूरह अहजाब सांगते. रोममध्ये मात्र अशा मुलांना ‘प्रोएत्ती’, म्हणजे टाकलेली, म्हणत. पुढे ते आडनावच झालं. जीव वाचला, शिक्का राहिला.

गुजरातच्या बांटव्यात जन्मलेल्या अब्दुल सत्तार ईधींनी पाकिस्तानात आपल्या केंद्रांबाहेर झूले ठेवले. मुलाला मारू नका, इथे ठेवा, एवढंच सांगणं. हजारो मुलांच्या कागदांवर पालक म्हणून त्यांचं नाव लागलं.

आज आपण वक्फबद्दल बोलतो ते जमीन, सातबारा आणि खटल्यांबद्दल. ती लढाई गरजेची आहेच. पण इमारत वाचवताना हेही विचारायला हवं, की तिच्या भिंतीत नाव न विचारणारी एखादी खिडकी आहे का? मिनार लांबूनही दिसतो. खिडकी मात्र जिला हवी तिला अंधारातही सापडली पाहिजे.