अमेरिकेत पोलीस गोळी कधी झाडू शकतात? कायदा, वर्णभेद आणि प्रशिक्षणाचा गुंता

२२ नोव्हेंबर २०१४. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर. १२ वर्षांचा टमीर राइस हा कृष्णवर्णीय मुलगा एका बागेत छर्ऱ्यांचं खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता. पिस्तुलाच्या टोकाची नारिंगी खूण निघालेली असल्यामुळे ते खऱ्यासारखं दिसत होतं. एकाने पोलिसांना फोन केला. हा बहुधा लहान मुलगा असावा आणि पिस्तूलही बहुधा खोटं असावं, हेही त्याने फोनवर सांगितलं.

नियंत्रण कक्षाने ही दुसरी माहिती गाडीतल्या पोलिसांना दिलीच नाही. एक कृष्णवर्णीय इसम लोकांवर पिस्तूल रोखतोय, एवढंच त्यांना कळलं. पोलिसांची गाडी टमीरपासून काही फुटांवर येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी टमीरचा मृत्यू झाला. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला भरायला ग्रँड ज्युरीने डिसेंबर २०१५ मध्ये नकार दिला.

अशा घटनेचा व्हिडिओ आला की सोशल मीडियावर वाद रंगतो तो त्या दोन सेकंदांवर. हात कुठे होता, पिस्तूल दिसलं का, पोलीस घाबरला असेल का? पण मुळात गोष्ट त्या दोन सेकंदांपर्यंत पोहोचली कशी, हा प्रश्न मागे राहतो. अमेरिकेतला कायदा, वर्णभेदाची आकडेवारी आणि पोलिसांचं प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत पोलिसांनी प्राणघातक बळ कधी वापरावं, हे मुख्यतः सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांवर ठरतं.

पहिला निकाल १९८५ चा, 'टेनेसी विरुद्ध गार्नर'. १९७४ मध्ये मेम्फिस शहरात घरफोडी करून पळणारा १५ वर्षांचा एडवर्ड गार्नर कुंपणावरून उडी मारत असताना पोलिसाने त्याच्यावर गोळी झाडली. त्याच्याकडे शस्त्र नसावं, असं पोलिसाला स्वतःलाही वाटत होतं. चोरीचा ऐवज होता दहा डॉलर आणि एक पर्स. गंभीर गुन्ह्यातला संशयित पळत असेल तर त्याला गोळी घालून थांबवता येतं, हा तोवरचा जुना नियम होता. कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. संशयितापासून पोलिसाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका आहे, असं मानायला सबळ कारण असेल तरच पळणाऱ्यावर गोळी झाडता येईल, असं कोर्टाने सांगितलं.

दुसरा निकाल १९८९ चा, 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर'. डेथॉर्न ग्रॅहम हा मधुमेही माणूस साखर कमी झाल्यासारखी वाटली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला. रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर पडला. पोलिसाला त्याचा संशय आला आणि पुढच्या झटापटीत ग्रॅहमच्या पायाचं हाड मोडलं. या प्रकरणात कोर्टाने जी कसोटी घालून दिली, तीच आजही वापरली जाते. प्रसंगाच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या समंजस पोलिसाला त्या क्षणी ती कृती वाजवी वाटली असती का, हे पाहायचं. नंतर शांतपणे विचार करून चूक काढायची नाही. पोलिसाच्या मनात काय हेतू होता, हेही पाहायचं नाही.

या कसोटीमुळे बहुतेक प्रकरणांत पोलिसाला झुकतं माप मिळतं, अशी टीका होते. दुसऱ्या बाजूने सांगितलं जातं, की अमेरिकेत नागरिकांकडे लोकसंख्येपेक्षा जास्त बंदुका आहेत. साध्या वाहनतपासणीतही पोलिसांवर गोळीबार होऊ शकतो आणि त्यांना क्षणात निर्णय घ्यावा लागतो.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' या खटल्यात या चित्रात थोडी भर घातली. टोल थकल्याच्या कारणावरून ह्यूस्टनजवळ एक गाडी थांबवण्यात आली होती. गाडी पुढे सरकू लागली तेव्हा पोलीस दरवाजातल्या पायरीवर चढला आणि त्याने गोळ्या झाडल्या. खालच्या कोर्टांनी फक्त धोक्याचे शेवटचे दोन सेकंद तपासले होते. तसं करता येणार नाही, आधीची सगळी परिस्थितीही पाहावी लागेल, असा निर्णय सुप्रीम कोर्टाने एकमताने दिला. मात्र पोलिसाने स्वतःच्या चुकीने धोका ओढवून घेतला असेल तर काय, या प्रश्नाचं उत्तर कोर्टाने या वेळी दिलं नाही.

काही राज्यं याच्या पुढे गेली आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार प्राणघातक बळ नुसतं 'वाजवी' असून भागत नाही, ते 'आवश्यक' असावं लागतं.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं वेगळं, राज्याचं वेगळं. पोलिसांच्या हातून किती माणसं मरतात, याची पूर्ण सरकारी नोंद अनेक वर्षं नव्हतीच. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन इथे मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर देशभर आंदोलनं झाली, तेव्हा ही उणीव ठळकपणे समोर आली. मग 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०१५ पासून प्रत्येक घटना स्वतः नोंदवायला सुरुवात केली. एफबीआयने २०१९ मध्ये राष्ट्रीय नोंदणी सुरू केली, पण त्यात माहिती देणं पोलीस खात्यांवर बंधनकारक नाही.

'पोस्ट'च्या नोंदींनुसार अमेरिकेत दरवर्षी साधारण एक हजार माणसं पोलिसांच्या गोळीबारात मरतात. त्यांतल्या बहुतेकांकडे काही ना काही शस्त्र होतं. सुमारे पाचपैकी एकाच्या बाबतीत मानसिक आजाराची लक्षणं नोंदवली गेली.

वर्णाच्या बाबतीत सोशल मीडियावर दोन परस्परविरोधी दावे फिरतात आणि गंमत म्हणजे दोन्ही खरे आहेत. संख्या पाहिली तर मारले जाणाऱ्यांत गोऱ्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. पण कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या साधारण १३ ते १४ टक्केच आहेत. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या गोळीने मरण्याचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे.

मग पोलीस वर्ण पाहून गोळी झाडतात का?

या प्रश्नाचं उत्तर भागाकारात खाली कोणता आकडा घ्यायचा यावर अवलंबून आहे.

हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास मांडला. ते स्वतः कृष्णवर्णीय आहेत. ढकलणं, बेड्या घालणं, शस्त्र रोखणं अशा बळाचा वापर कृष्णवर्णीयांवर जास्त होतो, हे त्यांना दिसलं. पण ह्यूस्टनच्या नोंदींमध्ये गोळीबाराच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. पोलिसांची बाजू घेणारे आजही या अभ्यासाचा दाखला देतात.

त्यावर इतर संशोधकांनी मूलभूत आक्षेप घेतला. अशा अभ्यासात ज्यांचा पोलिसांशी आधीच संबंध आला तेवढेच लोक मोजले जातात. पण कुणाला थांबवायचं, इथेच भेदभाव होत असेल तर? किरकोळ कारणावरून थांबवलेली निरपराध माणसं एका गटात जास्त असतील, तर त्या गटातल्या एकूण भेटींचा आकडा फुगतो आणि दर भेटीमागे गोळीबाराचं प्रमाण कमी दिसतं. भेदभाव तसाच राहतो, आकड्यात मात्र दिसत नाही.

फिलँडो कॅस्टिल यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात गाडीचा मागचा दिवा बंद असल्याचं सांगून त्यांना थांबवण्यात आलं. आपल्याकडे बंदूक आहे, हे त्यांनी पोलिसाला स्वतःहून सांगितलं. तिचा परवाना त्यांच्याकडे होता. काही सेकंदांतच पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, की आधीच्या साधारण तेरा वर्षांत किरकोळ वाहतूक कारणांवरून त्यांना चाळीसहून अधिक वेळा थांबवलं गेलं होतं. पोलिसावर खटला चालला आणि २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला.

गोळी झाडणारा गोरा आणि मरणारा काळा, एवढंच चित्र मात्र अपुरं आहे. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात टायर निकोल्स या कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्या प्रकरणात आरोपी झालेले पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. त्यामुळे पोलिसाच्या रंगाइतकंच खात्यातल्या सवयींकडे, गस्त कुठे घातली जाते आणि कुणाकडे संशयाने पाहिलं जातं, याकडेही पाहावं लागतं.

भारतीयांनाही याची झळ बसली आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामा राज्यात मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक गुजराती आजोबा सकाळी फिरायला बाहेर पडले होते. एक अनोळखी सडपातळ कृष्णवर्णीय माणूस फिरतोय, असा फोन एका शेजाऱ्याने पोलिसांना केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली.

प्रशिक्षणात काय शिकवलं जातं?

अमेरिकेत पोलीस अकादमीतलं मूलभूत प्रशिक्षण सरासरी पाच-सहा महिन्यांचं, म्हणजे साधारण ८३० ते ८४० तासांचं असतं. जर्मनीत ते अडीच ते तीन वर्षांचं, तर नॉर्वेत तीन वर्षांच्या पदवीचं असतं. अमेरिकेतल्या काही राज्यांत केस कापण्याचा परवाना मिळवायला पोलीस होण्यापेक्षा जास्त तास शिकावं लागतं.

तास कशावर खर्च होतात, हेही महत्त्वाचं आहे. 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेने २०१५ मध्ये पाहणी केली. नव्या पोलिसांना बंदूक चालवण्याचे सरासरी ५८ तास आणि झटापटीत बचाव करण्याचे ४९ तास मिळत होते. प्रसंग बोलून निवळवण्याच्या प्रशिक्षणाला होते ८ तास.

शिवाय काही समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यातला प्रसिद्ध म्हणजे '२१ फुटांचा नियम'. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो आणि तेवढ्याच वेळात पोलिसाचं पिस्तूल बाहेर निघतं, असं सॉल्ट लेक सिटीचे प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवलं. सावध राहा, अंतर ठेवा, हा त्याचा अर्थ. पण अनेक ठिकाणी त्यातून शिकवण रुजली ती वेगळीच. चाकूवाला २१ फुटांच्या आत आला की गोळी झाडायला हरकत नाही!

'योद्धा' पद्धतीच्या खासगी शिबिरांवरही टीका झाली. प्रत्येक भेट जीवघेणी ठरू शकते, असं त्यात मनावर ठसवलं जातं. कॅस्टिल यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसाने 'बुलेटप्रूफ वॉरियर' नावाचं असंच शिबिर केलेलं होतं. मिनियापोलिस शहराने २०१९ मध्ये अशा प्रशिक्षणावर बंदी घातली. पण मे २०२० मध्ये त्याच शहरात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर एका पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून ठेवला आणि त्यांचा जीव गेला. तिथे क्षणात निर्णय घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पोलिसाला खुनाच्या गुन्ह्यात साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

प्रशिक्षण बदललं तर फरक पडतो का?

कोणतं प्रशिक्षण, यावर उत्तर ठरतं.

फ्लॉइड प्रकरणाच्या आधीपासूनच अनेक खात्यांनी मनातल्या नकळत पूर्वग्रहांवर व्याख्यानं सुरू केली होती. न्यूयॉर्क पोलिसांच्या अशा प्रशिक्षणाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पोलिसांना विषयाची माहिती वाढली, पण रस्त्यावरच्या वागण्यातली वर्णानुसार असलेली तफावत त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही.

लुईव्हिल शहरात मात्र वेगळा अनुभव आला. तिथे 'आयकॅट' नावाचं प्रशिक्षण दिलं गेलं. बंदूक नसलेला, पण बिथरलेला किंवा चाकू घेतलेला माणूस समोर असेल तर घाई करायची नाही, हे त्याचं सूत्र. अंतर ठेवायचं, आडोसा घ्यायचा, बोलत राहून वेळ मिळवायचा. याची वारंवार प्रत्यक्ष तालीम केली जाते. संशोधकांच्या पाहणीत या प्रशिक्षणानंतर बळाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी घटला. नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. घाई टाळल्याने पोलिसांचाच जीव धोक्यात येईल, ही भीती तिथे खरी ठरली नाही.

डेन्व्हर शहराने २०२० पासून आणखी एक मार्ग धरला. मानसिक त्रासाशी संबंधित काही फोन आले तर तिथे पोलिसांऐवजी समुपदेशक आणि वैद्यकीय कर्मचारी पाठवले जातात. बंदूकच जागेवर नसेल तर ती चालण्याचा प्रश्न येत नाही.

पण एकट्या प्रशिक्षणाने सगळं सुटत नाही. टमीरवर गोळी झाडणाऱ्या पोलिसाबद्दल त्याच्या आधीच्या खात्याने बंदूक हाताळणी आणि मानसिक स्थैर्य या दोन्हींबाबत गंभीर शेरे लिहून ठेवले होते. क्लीव्हलँडने त्याला घेताना ती फाईल पाहिलीच नाही. टमीरच्या कुटुंबाला शहराने ६० लाख डॉलर देऊन दावा मिटवला, म्हणजे भरपाई करदात्यांच्या पैशातून गेली.

व्हिडिओ पाहताना काय लक्षात ठेवावं?

बहुतेक व्हायरल व्हिडिओ शेवटच्या क्षणांचे असतात. मत बनवण्याआधी काही गोष्टी शोधाव्यात. पोलिसांना फोनवर काय सांगितलं गेलं होतं? त्या माणसाला मुळात का थांबवलं? पोलिसांनी अंतर ठेवलं, की अंगावर गाडी घातली? थांबून मदत बोलावण्याइतका वेळ होता का?

टमीरच्या बाबतीत फोनवरची पूर्ण माहिती पोलिसांना मिळाली असती आणि गाडी शंभर फुटांवर थांबली असती, तर दोन सेकंदांत निर्णय घ्यायची वेळ आलीच नसती.