मुलांचे मैदान राखणारी माणसे

आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, सदाशिवनगरला रिंगण होते आणि मुक्कामाला पालखी आपल्या माळशिरसास येते. रिंगणात धावणारा अश्व सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण ते रान साफ करणारे, खडे वेचणारे, तहानलेल्या वारकऱ्यापुढे पाण्याचा तांब्या धरणारे हात कोणाचे, हे सहसा कोणी विचारत नाही. मुलांच्या क्रिकेटचेही असेच आहे. ज्याने शतक काढले त्याचे नाव दुसऱ्या दिवशी गावभर होते. ज्याने पहाटे खेळपट्टीवर पाणी मारले, चुन्याने रेषा आखल्या, स्टंपा खांद्यावर वाहून आणल्या आणि सामना संपल्यावर चेंडू मोजून पेटीत ठेवले, त्याचे नाव धावफलकावर नसते.

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत क्रिकेटवर लेख कशाला, असे काही पालकांस वाटेल. परंतु प्रस्तुत लेख खेळाडूंविषयी नसून संस्था कशा टिकतात याविषयी आहे, आणि हा प्रश्न शाळेला जितका लागू आहे तितकाच मुलांच्या संघालाही आहे. प्रस्तुत लेखकाच्या शाळकरी वयात आमचा असाच एक संघ होता. त्याची काथ्याची मॅटिंग, दोन बॅटा आणि पॅडचे दोन जोड एका हौशी सरांच्या ताब्यात असत. सरांची बदली झाली. सामान कुठे आहे, वर्गणी किती जमली, पुढचा सामना कोणाशी ठरला आहे, यातले दुसऱ्या कोणालाच काही ठाऊक नव्हते. महिन्याभरात संघ मोडला. खेळणारी मुले तीच होती, मैदानही तेच होते. फक्त राखणारा माणूस गेला होता.

इतिहासाकडे पाहिले तर ही गोष्ट काही आमचीच नव्हे असे दिसते. हिंदी लोकांत क्रिकेट प्रथम रुजविले ते मुंबईच्या पारशी मुलांनी. इंग्रज शिपायांचा खेळ पाहून ती छत्र्यांच्या बॅटा आणि टोप्यांच्या स्टंपा करून खेळू लागली. 1848 साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, पण तो दोन वर्षांतच बंद पडला. 1850 साली झोरोस्ट्रियन क्लब निघाला आणि पुढे आणखी कित्येक निघाले. उत्साहाने क्लब निघतो, व्यवस्थेने टिकतो, हा धडा पहिल्या क्लबापासूनच मिळाला.

पुढचा प्रश्न मैदानाचा होता. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर आपली मुले ज्या भागात खेळत, तेथेच गोरे अधिकारी घोड्यांवर बसून पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि मग चेंडू कसाही उसळे. याविरुद्ध 1881 साली सरकारकडे अर्ज गेला. या लढ्यात पुढे असलेले शापूरजी सोराबजी यांनी नंतर 1897 साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहून ठेवला. त्यांनी किती धावा काढल्या हे आज कोणास आठवत नाही. परंतु अर्ज लिहिणे, सह्या गोळा करणे, नकार आला तरी पुन्हा लिहिणे, हे काम त्यांच्यासारख्यांनी केले म्हणून मुलांच्या मैदानाचा हक्क चर्चेत राहिला. पुढे पारशी जिमखाना झाला, आणि लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, म्हणजे 1890 ते 1895 या काळात, समुद्रकाठी हिंदू व मुसलमान खेळाडूंच्या जिमखान्यांनाही जागा देण्याचे ठरले. मुंबईत मुसलमानांचा क्रिकेट क्लब त्याआधीच, 1883 साली, निघालेला होता आणि त्यात तय्यबजी घराण्यातील मंडळींचा पुढाकार होता. याच घराण्यातील बद्रुद्दीन तय्यबजी आदींनी 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन केली होती. शाळा आणि मैदान ही परस्परांची वैरी आहेत, असे त्या पिढीस वाटत नव्हते, ही गोष्ट आजच्या पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मात्र मैदान राखणाऱ्यांचा इतिहास सगळाच गोड नाही. पुण्याचे पळवणकर बाळू यांचे उदाहरण पाहा. चांभार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा प्रथम पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या व रोलर फिरविण्याच्या कामावर लागला. पगार महिना 3 रुपये. पुढे 1892 च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात 4 रुपयांवर त्याला काम मिळाले. रोलर ओढायचा, रेषा आखायच्या, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज तर आपल्याला बाद केल्यास आठ आणे देत, असे सांगतात. तासन्‌तास चेंडू टाकून बाळू थोर गोलंदाज झाले. पण त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट काही आली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले, तेव्हा मैदानात सर्वांचा चेंडू एकच असे, परंतु चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले आणि त्या वर्षी संघाने चौरंगी सामनेही जिंकले.

बाळूंची ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, सेवा आणि चाकरी यांतील फरक तीत स्पष्ट होतो. जो मनाने रोलर ओढतो आणि ज्याला बॅटही मिळते, तो स्वयंसेवक. ज्याने जन्मभर रोलरच ओढायचा आणि दुसऱ्याने जन्मभर फलंदाजीच करायची, तेथे कितीही गोड नाव दिले तरी ती चाकरीच होय. मुलांच्या क्लबात खेळपट्टीला पाणी मारण्याची पाळी सर्वांवर आली पाहिजे. ती सरपंचाच्या मुलावर यावी, डॉक्टरांच्या मुलावर यावी आणि ऊसतोड करणाऱ्याच्या मुलावरही यावी. ज्या क्लबात ही पाळी ठरावीक मुलांवरच येते, तेथे खेळ चालत असेल, शिक्षण चालत नाही.

दुसरी एक गोष्ट. मुंबईच्या मोठ्या सामन्यांत संघ जमातवार असत. हिंदू 1907 साली आले, मुसलमान 1912 साली. 1937 पासून सामने पंचरंगी झाले. पुढे गांधीजींसह अनेकांनी अशा जमातवार खेळास विरोध केला आणि 1946 साली हे सामने बंद झाले. शाळांचे सामने मात्र चालूच राहिले. हॅरिस शील्ड व गाइल्स शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धांना आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. शाळेच्या संघात मुलगा येतो तो शाळेचा म्हणून. अंजुमन-ए-इस्लामचा वसीम जाफर याने पंधराव्या वर्षी शालेय क्रिकेटमध्ये नाबाद 400 धावा काढल्या. पुढे तो भारताकडून 31 कसोटी खेळला आणि रणजी सामन्यांत 12 हजारांवर धावा काढून 2020 साली निवृत्त झाला. त्याचे वडील बस चालवीत आणि थोरल्या भावाने स्वतःच्या खेळाची आशा बाजूस ठेवून याच्या खेळाकडे लक्ष दिले. धावफलकावर त्या भावाची एकही धाव नाही, पण त्या बारा हजारांत त्याचाही वाटा आहेच.

या शालेय क्रिकेटमागचे सर्वांत परिचित नाव म्हणजे रमाकांत आचरेकर. मालवणकडचे हे गृहस्थ स्टेट बँकेत नोकरीस होते. स्वतः ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. परंतु शिवाजी पार्कवर आणि कामत मेमोरियल क्लबात त्यांनी मुलांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. स्कूटरवर मागे मुलाला बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यावयाचे, म्हणजे त्याला दिवसात जास्त डाव खेळता यावेत, असा त्यांचा क्रम असे. सरावात ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिन तेंडुलकरला जो बाद करील त्याला ते नाणे, कोणीच बाद करू शकला नाही तर ते सचिनचे. अशी 13 नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. ग्रेगसाहेबांचे आठ आणे आणि आचरेकरांचा रुपया, नाणे दोघांनीही दिले. पण एकाने ते स्वतःच्या सरावासाठी दिले, दुसऱ्याने मुलाच्या.

फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमाच्या सचिन व विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागी केली. सचिन 14 वर्षांचा, विनोद 16 वर्षांचा. सचिनच्या नाबाद 326, विनोदच्या नाबाद 349. हे आकडे आज सर्वांना पाठ आहेत. पण ज्याने दोन दिवस मांडीवर वही घेऊन एकेक चेंडू टिपला, त्याची आठवण कितीजणांना आहे? ती वही चुकती, तर तो विक्रम म्हणजे नुसती गप्प ठरली असती. आणि याच सामन्यात पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार नावाचा एक मुलगा पॅड बांधून बसला होता. दोन्ही दिवस तो बसूनच राहिला, त्याची पाळी काही आली नाही. पुढे रणजी सामन्यांत धावांच्या राशी घालूनही त्याला भारतीय संघात स्थान मिळाले नाही. पण 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हाच अमोल होता. दुसऱ्यांची पाळी येण्यासाठी झटणे, हेही खेळणेच आहे.

महिलांच्या क्रिकेटचा तर सारा पायाच स्वयंसेवेवर उभा आहे. लखनौचे महेंद्रकुमार शर्मा यांनी रिक्षात बसून, ध्वनिक्षेपकावर ओरडून, मुलींचा सामना असल्याची दवंडी गावभर दिली. 1973 साली बेगम हमीदा हबीबुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यातच भरली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यानंतर कित्येक वर्षे मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करीत, वसतिगृहांत जमिनीवर झोपत, एकमेकींच्या बॅटा वापरीत. 2006 साली हे क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. मधली तेहेतीस वर्षे ते पदरमोड करणाऱ्यांनीच जगविले.

वाचकहो, या साखळीची एक कडी आपल्या तालुक्यातच आहे. मिरे गावच्या शेतकरी कुटुंबातील किरण नवगिरे लहानपणी गावच्या मुलांबरोबर खेळे. भालाफेक, गोळाफेक यांतही ती पुढे होती. पुण्यात गेल्यावर तिच्या क्रिकेटला वळण लागले ते आझम कॅम्पसच्या मैदानावर, म्हणजे महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी या आपल्यासारख्याच एका शिक्षणसंस्थेच्या आवारात. एप्रिल 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिने टी-ट्वेंटी सामन्यात 162 धावा काढल्या. त्या प्रकारात दीडशेचा टप्पा त्यापूर्वी कोणाही भारतीयाने, पुरुषानेसुद्धा, ओलांडला नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती भारताकडून खेळली. ऑक्टोबर 2025 मध्ये महाराष्ट्राकडून तिने अवघ्या 34 चेंडूंत शतक झळकाविले. मिऱ्याच्या त्या पोरांनी ‘तू मुलगी, तू बाजूला बस’ असे म्हटले असते, किंवा पुण्याच्या त्या संस्थेने ‘ही आमच्यातली नव्हे’ असे म्हटले असते, तर हे आकडे कोठून येते?

आता आपल्याकडे वळू. मोठे स्टेडियम बांधणे आपल्या आवाक्यातले नाही आणि त्याची गरजही नाही. इतिहास जे सांगतो ते फार साधे आहे. सामानाच्या पेटीची किल्ली एकाकडे न ठेवता दोघांकडे ठेवावी, म्हणजे एकाची बदली झाली तरी संघ मोडणार नाही. जमाखर्चाची वही असावी आणि ती कोणाही पालकास पाहता यावी. ज्या मुलामुलींना खेळात गती नाही त्यांना धावा टिपण्याचे आणि पंचाचे काम शिकवावे. त्यातून गणितही पक्के होते आणि न्यायबुद्धीही. खेळपट्टीचे काम पाळीने सर्वांनी करावे. पालकांनी वर्गणी दिली म्हणजे आपले काम संपले असे मानू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला उभे राहावे. आणि मुली खेळावयास आल्या तर त्यांच्यासाठी वेळ व जागा राखून ठेवावी, कारण त्या परत गेल्या तर पुन्हा येत नाहीत.

आपण खिदमत हा शब्द फार आदराने उच्चारतो. दवाखान्यात, मदरशात, लग्नकार्यात, मयतीत आपली माणसे न बोलावता धावून येतात. तीच वृत्ती संध्याकाळी पाच वाजता मैदानावरही दिसावी, एवढेच मागणे आहे.

शेवटी एक सूचना संस्थाचालकांस. या स्मरणिकेत परीक्षेत पहिल्या आलेल्यांची नावे आपण छापतो, देणगीदारांची छापतो, सामने जिंकणाऱ्या संघाचे छायाचित्रही छापतो. पुढील वर्षीपासून त्याच पानावर आणखी एक छोटी यादी असावी : वर्षभर पाणी कोणी मारले, वही कोणी लिहिली, पेटी कोणी सांभाळली. यादी लहान असली तरी चालेल. पण ती वाचून एखादा विद्यार्थी घरी जाऊन म्हणेल, ‘अब्बा, पुढच्या वर्षी त्यात माझेही नाव हवे’, त्या दिवशी आपल्या मुलांचे मैदान राखणारा पुढचा माणूस आपल्याला मिळाला असे समजावे.